कबुतराच्या पिसांतल्या उवा: परमेथ्रिन पावडर काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या परमेथ्रिन या कीटकनाशकाच्या पावडरने उवा मरतात, नक्की मरतात, पण लिखा मरत नाहीत. आणि पक्षी स्वतः पिसांना चोच लावायला लागत नाही तोपर्यंत त्या परत परत येतात. संक्रांतीनंतर सुरू केलेलं औषध, आता पावसाळा संपत आलाय, एवढं वापरून झालेलं हे मत आहे. घरात जखमी कबुतर आणलेल्यांनी पूर्ण वाचा प्लीज.

आमची पारू मांजात सापडलेली. नाशिकला संक्रांतीच्या आसपास पतंग किती उडतात माहितीये, आणि नायलॉन मांजावर बंदी असून दरवर्षी पक्षी कापले जातातच, याचा मला मनापासून राग येतो. तिची पंखाची कातडी फाटली होती, डॉक्टरांनी टाके घातले, पंख अंगाला बांधून ठेवला. आता ती कपाटापर्यंत उडते, त्यावर नाही, म्हणून आमच्याकडेच राहिली. पट्टी काढल्यावर पंख खिडकीच्या उजेडात पसरून धरला तर मोठ्या पिसांत बारीक लांबट काळपट रेघा, तंतूंच्या मधे अगदी तंतूंच्याच दिशेने पडलेल्या, बोट लावलं की सरकतात. उवा अशाच बघायच्या, उजेडासमोर पंख उघडून. वरून कबुतर कितीही चकचकीत दिसू दे.

यात दोन प्रकार असतात. पंखात राहणारी लांबडी आणि अंगावरच्या पिसांत राहणारी बुटकी जाडसर. दोन्ही रक्त पीत नाहीत, पिसाच्या बुडाशी जी मऊ लव असते ती खातात. लव गेली की ऊब जाते आणि अंग गरम ठेवायला पक्ष्याची जास्त ताकद खर्च होते. धडधाकट कबुतर हे सहन करतं पण टाके घातलेल्या, अर्धपोटी पक्ष्याला ते जड जातं, त्यामुळे "उवा काय, असतातच" म्हणून सोडून देऊ नका.

रक्त पीत नाहीत हा मुद्दा औषध निवडताना फार महत्त्वाचा. आयव्हरमेक्टिनचा थेंब मानेवर टाका असं बरेच जण सांगतात, ते माइट्ससारख्या (गोचिडीच्या जातीचे अगदी बारीक जीव) रक्त पिणाऱ्यांवर चालतं, पिसं खाणाऱ्या उवांपर्यंत ते नीट पोचतच नाही. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच वरून लावायचं औषध दिलं. स्प्रेसुद्धा मिळतो पण फुस्स आवाजाला पारू इतकी घाबरायची की टाके सुटतील असं वाटायचं, शिवाय थंडीत ओलं अंग नको, त्यामुळे पावडर.

लावायची पद्धत: एकाने पक्षी टॉवेलमध्ये धरायचा, डोकं झाकून पण श्वास मोकळा, दुसऱ्याने चिमटीने पिसं उलटी करून थोडी थोडी पावडर दोन्ही पंखांखाली, मानेमागे, शेपटीच्या बुडाशी आणि शौचाच्या जागेभोवती लावायची. चिमटीएवढीच, पीठ मळल्यासारखी नाही. उघड्या जखमेवर, डोळ्यांत, नाकपुडीत अजिबात नको. गॅलरीत करा, मास्क आणि ग्लोव्हज घालून. दुसऱ्या दिवशी ट्रेमधल्या कागदावर मेलेल्या उवा पडलेल्या दिसतात, तेव्हा खूप बरं वाटतं, आणि बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका! लिखा पिसाला चिकटलेल्या असतात, त्यांना काही होत नाही, त्या फुटल्या की पिल्लं निघतात, तीनदा कात टाकतात आणि अंड्यापासून साधारण साडेतीन आठवड्यांत अंडी घालायला तयार. म्हणून दहा-बारा दिवसांनी परत, आणि अजून तेवढ्याच दिवसांनी एकदा. तिसऱ्या वेळेनंतर आमच्याकडे खरा फरक पडला.

आता चोचीचं. कबुतराच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीवर जरासं पुढे आलेलं असतं, ऊ चिरडायचं काम त्या टोकावर होतं. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेल क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलंय, एवढंसं टोक काढलं तर उवा वाढल्या. पारूचा पंख बांधलेला असताना तिची चोच तिथे पोचतच नव्हती, उवा तिथेच माजल्या होत्या, सरळ हिशोब आहे. त्यामुळे "नखं कापताना चोच पण थोडी घासून द्या" असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा, चोच खरंच वेडीवाकडी वाढली असेल तर ते डॉक्टर ठरवतील.

अंघोळीला पसरट परात, तिच्या पायाएवढं पाणी, सकाळचं ऊन. अंघोळ झाली की ती तास-तास पिसं साफ करत बसते, हेच हवंय. पावडर लावल्यावर मात्र एक-दोन दिवस परात नाही, नाहीतर औषध धुऊन जातं.

एप्रिल-मेमध्ये एकही ऊ सापडली नाही. जुलैत परत दिसल्या. दमट हवेत त्या जास्त टिकतात हे एक, आणि दुसरं म्हणजे ग्रिलवर बाहेरची कबुतरं बसायची. त्यांच्या अंगावर एक चपटी माशी असते, पिसांत सुळकन घुसते, तीच रक्त पिते आणि लांबड्या उवा तिच्या पायांना धरून दुसऱ्या कबुतरावर जातात. गॅलरीला बारीक जाळी लावली, औषधाचा एक राउंड परत केला, तेव्हापासून शांत. पिंजऱ्याच्या फटी गरम पाण्याने घासा, खालचा कागद रोज बदला.

लोकांनी सुचवलेले बाकीचे उपाय: कडुनिंबाचं तेल पिसांना लावू नका, पिसं चिकटतात आणि ऊब, पाण्यापासूनचं संरक्षण दोन्ही जातं. डांबर गोळ्या पिंजऱ्यात अजिबात नकोत, पक्ष्यांना विषारी आहेत.

माणसांना या उवा लागत नाहीत. हातावर चढतात, गुदगुल्या होतात, धुतलं की संपलं, आपल्या अंगावर त्या जगूच शकत नाहीत. पण कबुतराच्या पिसांची पांढरी धूळ फुप्फुसाला खरंच त्रास देते. आमच्या सासूबाईंना दमा आहे म्हणून पारू मागच्या गॅलरीतच असते, साफसफाई ओल्या फडक्याने, झाडू नाही.

मार्क द्यायचे तर पावडरला पाचपैकी चार. एक कमी केला कारण डब्यावर "पुन्हा वापरा" एवढंच लिहिलंय, किती दिवसांनी आणि का ते नाही, आणि मांजराबद्दल तर एक अक्षर नाही. परमेथ्रिन मांजरांना जीवघेणं ठरू शकतं, अंग थरथरतं, झटके येतात. माशांनाही विषारी आहे. घरात मांजर किंवा फिशटँक असेल तर डॉक्टरांशी बोलून दुसरं काही घ्या. आणि लहान पिल्लावर, ज्याला अजून नीट पिसं आली नाहीत त्याच्यावर, विचारल्याशिवाय काहीच टाकू नका.