रॅगवर्ट ‘मुळासकट’ काढून देणारे

इंग्लंडमध्ये पोरांच्या पोनीसाठी कुरण भाड्याने घेतलेली मराठी घरं आता बरीच दिसतात, म्हणून लिहितेय. जुलैत रॅगवर्ट या पिवळ्या फुलांच्या विषारी तणाने कुरण पिवळंधमक झालं की ते काढून देतो म्हणत व्हॅन घेऊन फिरणाऱ्यांचा सुळसुळाट होतो.

आमच्याकडे आलेल्याने सुरुवातच दमदाटीने केली. रानात रॅगवर्ट असणं हाच गुन्हा, काउन्सिलचा दंड बसेल, वगैरे. साफ खोटं. १९५९च्या वीड्स अ‍ॅक्टखाली, म्हणजे तणांच्या कायद्याखाली, ते पसरू देऊ नका असा आदेश सरकार काढू शकतं. नुसतं उगवलं म्हणून कुणी दंड करत नाही. पण या झाडाने घोड्याचं लिव्हर हळूहळू कायमचं खराब होतं हे खरं असतं, आणि लेकीची पोनी तिथेच चरत असते. त्या भीतीवरच यांचा धंदा चालतो. “मुळासकट उपटू, सगळं उचलून नेऊ.” अर्धे पैसे आगाऊ, रोख.

संध्याकाळी लांबून कुरण हिरवंगार दिसलं. जवळ गेले तर प्रत्येक बुंधा जमिनीपासून चार बोटं वर कापलेला. चक्क स्ट्रिमर, म्हणजे गवत छाटायचं यंत्र, फिरवला होता! एक खुंट ओढून पाहिला, ढिम्म हलला नाही. कापलेली झाडं निम्मी गवतात तशीच, निम्मी कुंपणामागे ढकललेली, आणि त्यांवर सिनाबार पतंगाच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या अजून वळवळत होत्या.

उभं रॅगवर्ट कडू असतं, घोडा सहसा त्याला तोंड लावत नाही. वाळलं की कडूपणा जातो, विष मात्र तसंच राहतं. म्हणजे पैसे घेऊन त्याने कुरण आधीपेक्षा धोकादायक करून ठेवलं. पोनीला तातडीने शेजारच्या तबेल्यात हलवलं आणि हातमोजे घालून एकेक काडी वेचली. शिवाय कापल्याने हे झाड मरत नाही, खालून पुन्हा फुटतं.

पावतीवरचा कचरा वाहून नेण्याचा परवाना क्रमांक एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या यादीत सापडलाच नाही. ही यादी ऑनलाइन कुणालाही पाहता येते. काम देण्याआधीच पाहा. “तणनाशक फवारतो, उद्या घोडा सोडा” म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. फवारणी करायची ती झाड जमिनीलगत पानांच्या चक्रीत असताना, वसंतात किंवा शरदात. आणि मेलेलं झाड पुरतं कुजून जाईपर्यंत घोडा आत सोडायचा नाही. पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्याकडे पीए१ आणि पीए६ ही फवारणीच्या प्रशिक्षणाची दोन्ही प्रमाणपत्रं मागा.

सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आगाऊ दिलेली रक्कम अजून परत मिळालेली नाही. तो फोन उचलत नाही. उरलेले अर्धे पैसे कधी देताय, असे मेसेज मात्र न चुकता पाठवतो.