काटोल रोडवरची ‘राणी’ : आमची फसवणूक कशी झाली

मागच्या दिवाळीनंतर दोन महिन्यांत आमचे 90,000 रुपये एका माणसाने घेतले. माझी लेक तेरा वर्षांची आहे आणि चार वर्षांची असल्यापासून तिला घोड्यांचं वेड आहे. ते वेड त्याने ओळखलं आणि त्याचा धंदा केला. आमच्याबरोबर आणखी दहा कुटुंबं निघाली, म्हणून काय काय घडलं ते सगळं लिहिते आहे.

सुरुवात मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओने झाली. मावळतीचा उजेड, तलावाचा काठ, घोड्यावर एक मुलगा. रविवारी सकाळी शेतशिवारातून रपेट, पहिली फेरी मोफत. जागा नागपूरबाहेर फेटरीच्या पुढे, काटोल रोडवरून आत वळल्यावर. आम्ही सगळेच गेलो, सासरेही आले.

माणूस बोलण्यात फार गोड. आपण जयपूरच्या 61व्या घोडदळात होतो, असं त्याने सांगितलं. मग लेकीकडे वळून म्हणाला, “बेटा, आपण नागपूरकर. रघुजीराजांचे घोडे थेट बंगालपर्यंत दौडले. 1751 साली ओडिशा आपल्या भोसल्यांकडे आला तो या घोड्यांच्या जोरावर.” इतिहास खराच होता. तो खरा असल्यामुळेच सांगणाराही खरा वाटला.

घोडी तांबूस रंगाची. कपाळावर वाकडा पांढरा टिळा आणि त्याच्या खाली केसांचे दोन भोवरे, एकाखाली एक. मागचे पाय खुरांपासून वीतभर पांढरे. नाव राणी, वय सहा वर्षं, असं सांगितलं. आंबिया बहाराची संत्री झाडांवर लगडलेली होती, त्या बागेच्या कडेने लेक रमतगमत एक फेरी मारून आली. लाल हेल्मेटखाली तिचा चेहरा नुसता फुलला होता. “आठवण म्हणून” त्याने तिचा व्हिडिओ काढला आणि आम्हाला पाठवला. आम्ही तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

परतताना सासरे गाडीत म्हणाले, “चार घोड्यांचा तबेला म्हणतो, मग लीद कुठे आहे?”

ते सावनेरकडच्या शेतकरी घरातले. एक घोडा दिवसाला 15-20 किलो लीद टाकतो. चार घोडे असतील तर आठवड्यात उकिरडा उभा राहतो. तिथे उकिरडा नव्हता, कुट्टीचं यंत्र नव्हतं, चाऱ्याची गंजी नव्हती. एका कोपऱ्यात हिरव्या चाऱ्याच्या दोन पेंढ्या होत्या, तेवढंच. मी म्हटलं, “बाबा, पोरगी खूश आहे ना, जाऊ द्या.” हे वाक्य मला आजही टोचतं.

पुढच्या रविवारी त्याने योजना मांडली. घोडीची ‘अर्धी मालकी’ वर्षभरासाठी 60,000 रुपये. दर शनिवार-रविवार रपेट, खरारा करायचा, चारा घालायचा, आणि घोडी अर्धी आपली. बाकीचा अर्धा हिस्सा त्याचा स्वतःचा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा झाला. हेल्मेट, बूट आणि खोगिराचे वेगळे 14,500. खोगीर “मागवलंय” ते शेवटपर्यंत आलंच नाही.

त्या करारनाम्यात घोडीची ओळख म्हणून एवढंच होतं : ‘राणी, तांबूस, मादी’. भोवऱ्यांचा उल्लेख नाही, टिळ्याचा नाही, पशुवैद्यकाचा दाखला नाही, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्त तपासणीचा कागद नाही. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी घोड्याची ओळख त्याच्या भोवऱ्यांवरून पटवतात, हे मला नंतर कळलं. स्कूटर घेताना चेसिस नंबर पाहणारे आम्ही, इथे नुसत्या नावावर सही करून आलो.

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. तेवढ्यात घोडीनेच आम्हाला दोनदा सांगून पाहिलं. खरारा करताना लेकीला आयाळीत एक सोनेरी टिकली सापडली. तिने ती कंपासपेटीत ठेवली. मागच्या पांढऱ्या पायांवर नारिंगी झाक होती. मी विचारलं तर म्हणाला, “लाल माती लागते हो ताई.” आम्ही उभे होतो ते शेत काळ्या मातीचं. पायाखाली ढेकळं काळी, चपलेला चिकटलेली माती काळी, आणि मी मान डोलावली.

तुळशीचं लग्न झालं आणि कारणं सुरू झाली. राणीला सर्दी झालीय. नालबंद आलाय. पुन्हा नालबंद आलाय. नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बदलतात, इथे महिन्यात तीनदा नालबंद. मग एका रात्री व्हिडिओ आला : घोडी जमिनीवर बसलेली, खाली लिहिलेलं, ‘पोटशूळ, डॉक्टर बोलावलाय, लगेच 9,000 पाठवा.’ लेक रडायला लागली. ह्यांनी पाच मिनिटांत पैसे पाठवले. चार दिवसांनी औषधांचे आणखी 6,500.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर आमच्या ओळखीचे आहेत. तो व्हिडिओ त्यांना पुढे दाखवला. ते म्हणाले, पोटशूळ झालेला घोडा असा शांत बसत नाही. तो लोळतो, पायाने जमीन उकरतो, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघतो, घामाने भिजतो. ही घोडी पाय दुमडून झोपली आहे. घोडे उभ्याने डुलकी घेतात, पण गाढ झोपेसाठी आडवे होतातच. म्हणजे झोपलेल्या घोडीचे आम्ही 15,500 रुपये दिले.

डिसेंबरात मानेवाडा रोडवर एका वरातीमुळे आमची गाडी अडकली. डीजेचा दणदणाट, झगमगती झूल, नवरदेव. लेक काच खाली करून एकटक बघत होती. “आई, राणी.” मी म्हटलं, तांबूस घोड्या पुष्कळ असतात. ती काही न बोलता उतरली आणि गर्दीतून घोडीच्या तोंडापाशी जाऊन उभी राहिली. मुंडावळ्यांसारख्या माळा बाजूला केल्या, तर वाकडा टिळा आणि खाली दोन भोवरे. पायांवर ताजी मेंदी होती.

लगाम धरलेला म्हातारा माणूस भला निघाला. वरात पोचल्यावर आमच्याशी बोलला. “घोडी माही हाये ताई. चंपा नाव हाये तिचं. तो पोट्टा दिवसाचे दीड हजार देऊन घेऊन जाये, फोटो काढाचे हाये म्हने. लग्नसराई लागली तं मी देनं बंद केलं.” घरी येऊन मी कालनिर्णय काढलं. राणीला सर्दी झालेला प्रत्येक दिवस लग्नाच्या मुहूर्ताचा होता.

नंतर डॉक्टर त्या काकांच्या तबेल्यात आले, घोडीचा वरचा ओठ हलकेच उचलला आणि कडेचा दात दाखवला. त्या दातावर एक उभी खाच असते. ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी निम्म्या दातापर्यंत येते, विसाव्याला टोकाला पोचते. अंदाजच तो, पण चंपाची खाच निम्म्यावर होती. आम्हाला सहा वर्षांची सांगितलेली घोडी पंधराच्या आसपासची. पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमा भरून आलेल्या पांढऱ्या केसांचे ठिपके होते. ते दर रविवारी माझ्या डोळ्यांसमोर होते.

आम्ही काटोल रोडवर गेलो तेव्हा शेताच्या फाटकाशी आणखी एक गृहस्थ उभे. त्यांच्या हातातही पाचशेचा स्टॅम्पपेपर, त्यावर नाव ‘बिजली’, अर्धी मालकी 55,000. त्यांच्या फोनमधल्या फोटोत तोच टिळा. शेतमालकालाही भाडं मिळालेलं नव्हतं. एकेक करत अकरा कुटुंबं जमली, घोडी एकच.

पोलिस ठाण्यात मी एकटी गेले तेव्हा “हा तुमचा आपसातला व्यवहार” म्हणून परत पाठवलं. अकरा जण अकरा करारनामे घेऊन गेलो, सगळ्यांवर घोडीचं वेगवेगळं नाव आणि फोटोत तेच दोन भोवरे, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार घेतली गेली. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आम्ही फार उशिरा फोन केला, पैसे खात्यातून निघून गेले होते. ऑनलाइन पैसे दिले असतील तर शंका येईल त्याच तासाला हा नंबर लावा, ‘उद्या बोलून बघू’ म्हणू नका. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. माहिती 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मिळते. आमची तक्रार तिथे दाखल आहे.

आता मी दोन-तीन चांगल्या ठिकाणी जाऊन पाहिलं. तिथे नवख्याला पहिल्याच दिवशी शिवारात सोडत नाहीत, कुंपणाच्या आत लांब दोरीवर घोडा फिरवून बसायला शिकवतात. बसणाऱ्याचं वजन विचारतात. न सांगता मंगळवारी दुपारी गेलं तरी घोडे जागेवर असतात, आणि लिदीचा वास फाटकाबाहेरूनच येतो. आमच्या माणसाने न सांगता कधीच येऊ दिलं नाही, “घोडे बिचकतात” म्हणायचा.

लेक कित्येक दिवस म्हणत होती, “माझ्यामुळे झालं.” तिला जवळ घेऊन पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की तिने काहीच चुकीचं केलं नाही, उलट तिनेच त्याला पकडून दिलं. आता गुरुवारी ती काकांच्या परवानगीने चंपाला खरारा करायला जाते.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. परवा बहिणीने मला एक व्हिडिओ पाठवला. जागेचं नाव नवं, आता उमरेड रोड, फोन नंबर नवा, योजना तीच. संत्र्याच्या बागेच्या कडेने वाकड्या टिळ्याची तांबूस घोडी चालते आहे. तिच्यावर बसलेली लाल हेल्मेटवाली मुलगी माझी आहे.