क्यूचे राष्ट्रीय अभिलेखागार : इटम मोटच्या मालकांचा माग घेताना

लंडनमधील क्यू येथे ‘द नॅशनल आर्काइव्हज’ हे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. त्याचा वाचनकक्ष आणि संकेतस्थळावरील सूची यांचा उपयोग मी गेले वर्षभर एकाच कामासाठी केला. केंट परगण्यात इटम मोट नावाचे, खंदकाने वेढलेले एक मॅनर हाऊस, म्हणजे जमीनदाराचा वाडा, आहे. त्याचे सर्वांत जुने भाग १३२० च्या सुमाराचे आहेत आणि तेव्हापासून ते कोणाकडून कोणाकडे गेले हे मला शक्य तितके मूळ कागदांवरून पाहायचे होते. अशा कामासाठी या सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. उरलेला अर्धा गुण का राखून ठेवला, ते पुढे ओघात येईलच.

आपल्याकडे जमिनीचा गट क्रमांक सांगितला की सातबारा मिळतो आणि फेरफारांवरून मागचे मालक काढता येतात. त्या सवयीने येथे गेलेल्या माणसाची पहिल्याच दिवशी निराशा होते, कारण इंग्लंडमध्ये घरानुसार लावलेली अशी जुनी नोंदवही नाही. जमीन नोंदणी कार्यालय १८६२ मध्ये सुरू झाले खरे, पण विक्रीनंतरची नोंदणी संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. त्यापूर्वी मालकीचा पुरावा म्हणजे मालकाच्या पेटीतील खतांचा गठ्ठा, आणि विसाव्या शतकातील कायद्यांनी मालकी सिद्ध करण्यासाठी फार मागे जाण्याची गरजच संपवल्यावर असे कितीतरी गठ्ठे फेकून दिले गेले. त्यामुळे क्यूला जाताना घराच्या नावापेक्षा माणसांची नावे हाताशी असणे महत्त्वाचे ठरते.

इटम मोटच्या बाबतीत ही नावे आधीच उपलब्ध आहेत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर थॉमस कॉन, त्यानंतर हॉट घराणे, १५२१ मध्ये सर रिचर्ड क्लेमेंट, १५४४ मध्ये सर जॉन ॲलन (हे पूर्वी लंडनचे महापौर होते), १५९१ मध्ये सर विल्यम सेल्बी आणि मग जवळजवळ तीनशे वर्षे सेल्बीच. केंटपुरते पाहिल्यास एडवर्ड हेस्टेड यांचा अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेला परगण्याचा इतिहास ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’वर वाचता येतो. त्यात गावोगावच्या जमिनींचे मालक क्रमाने दिलेले असल्याने सुरुवात तेथूनच करावी.

नावांची यादी घेऊन सूचीपाशी बसले की या सेवेचे खरे मोल कळते. कॅंटरबरीच्या धर्मपीठाच्या न्यायालयात प्रमाणित झालेली १३८४ ते १८५८ या काळातील दहा लाखांहून अधिक इच्छापत्रे नावावरून शोधता येतात आणि खाते उघडल्यास त्यांच्या प्रतिमा घरबसल्या विनामूल्य उतरवून घेता येतात. हा अपार मोठा ठेवा आहे. मात्र १८५८ ची सीमा ध्यानात ठेवावी लागते. इटम मोटच्या मालकीण एलिझाबेथ सेल्बी १८४५ मध्ये वारल्या, म्हणजे सीमेच्या अलीकडे. त्यांच्यानंतर घर मिळालेले दूरचे नातलग, पक्षिशास्त्रज्ञ प्रीडो जॉन सेल्बी, १८६७ मध्ये वारले, म्हणजे पलीकडे. सलग दोन मालकांसाठी दोन वेगळ्या व्यवस्था पाहाव्या लागतात, कारण १८५८ नंतरची इच्छापत्रे सरकारच्या प्रोबेट सेवेकडे, म्हणजे इच्छापत्रे प्रमाणित करणाऱ्या कार्यालयाकडे, मागावी लागतात. शिवाय हे प्रीडो सेल्बी राहायचे उत्तरेकडच्या नॉर्थम्बरलंडमध्ये. त्यामुळे केंटमधल्या घराचा शोध केंटपुरता ठेवला तर हाती अर्धेच लागते.

त्यामागच्या काळासाठी ‘फीट ऑफ फाइन्स’ हा दप्तरसंच अभ्यासावा, आणि मला सर्वांत जास्त जीव लावला तो यानेच. खरेदीदार विकणाऱ्यावर नावापुरता दावा लावी, दोघे न्यायालयात तडजोड करीत, आणि ती तडजोड एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून नागमोडी कापली जाई. वरचे दोन तुकडे दोन्ही पक्षांना मिळत आणि तळचा न्यायालयाकडे राही. बनावट तुकडा त्या नागमोडी कडेशी जुळणार नाही, ही त्यामागची युक्ती. ११९५ पासून १८३० च्या दशकापर्यंतचे हे तळाचे तुकडे क्यूला जपलेले आहेत. यांतील अनेक गठ्ठ्यांचे सूचीतील वर्णन मात्र परगणा आणि राजाच्या कारकिर्दीचे वर्ष एवढेच असते. गावाचे नाव टाकून काही निघत नाही, गठ्ठा मागवून एकेक तुकडा पाहावा लागतो. राखून ठेवलेला अर्धा गुण तो याचाच.

मॅनरच्या कागदपत्रांची स्वतंत्र नोंदसूचीही येथेच आहे. तिच्याविषयी एक सावधगिरी मनापासून सांगावीशी वाटते. मॅनर म्हणजे जमीनदारीचा हक्क. त्या हक्काचा धनी आणि मॅनर हाऊसचा मालक ही एकच व्यक्ती असेलच असे नाही. क्यूला जाण्यापूर्वी मी एका खासगी संस्थेकडून पैसे मोजून अहवाल करून घेतला होता, आणि त्यात नेमकी हीच गल्लत होती. जमीनदारांची मालिका घराच्या मालकांची म्हणून उतरवलेली होती. ती सोडवण्यात माझे दोन महिने गेले.

वाचनकक्षाची शिस्त कडक आहे, पण ती कागदांच्या हितासाठी आहे. ओळख आणि पत्ता यांचे पुरावे दाखवून वाचकपत्र विनामूल्य मिळते; लिहिण्यासाठी आत फक्त पेन्सिल नेता येते, छायाचित्रे स्वतःच्या कॅमेऱ्याने काढता येतात. कागदपत्रे आधीच मागवून जावे. १७३३ पूर्वीची न्यायालयीन दप्तरे बहुतेक लॅटिनमध्ये आहेत, आणि लॅटिन व जुने हस्ताक्षर शिकवणारे विनामूल्य पाठ याच संकेतस्थळावर आहेत. ते आधी पूर्ण करावेत. तारखांकडेही लक्ष द्यावे : १७५२ पूर्वी तेथे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे फेब्रुवारी १५९१ असे लिहिलेला कागद आपल्या हिशेबाने १५९२ चा असतो. आणखी एक अडचण देवनागरीत दिसतच नाही : ‘मोट’ हे नाव रोमन लिपीत दोन वेगळ्या वर्णविन्यासांनी येते, दोन्ही घालून शोधल्याखेरीज यादी पुरी होत नाही.

अलीकडचा भाग सोपा आहे. १८८९ मध्ये घर थॉमस कोल्यर-फर्ग्युसन यांच्याकडे गेले, १९५१ मध्ये पुन्हा विकले गेले, १९५३ मध्ये चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थांनी घेतले आणि त्यांच्या निधनानंतर, १९८५ मध्ये, ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आले. मधल्या काळातील खतांसाठी आता मेडस्टोनला, केंटच्या परगणा अभिलेखागारात जायचे आहे. सेल्बींच्या नावांची यादी आणि क्यूच्या संदर्भ क्रमांकांची वही सोबत घेऊन.