कात्रज की नान्नज?

पोरांना 'प्राणी दाखवायला' न्यायचं म्हटलं की आमच्या घरात दोन तट पडतात. धाकटीला वाघच हवा. मग सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुणे, तिथून कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. 130 एकरांचा पसारा, पांढरा वाघ, हत्ती, सर्पोद्यान. प्राणी हमखास दिसतो, पाटीवर नाव वाचता येतं, आजीआजोबांना बसायला सावली मिळते. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. पण जाऊन-येऊन आठ तास गाडीतच जातात, आणि संध्याकाळच्या हुतात्माचा घोर दुपारपासून लागतो तो वेगळाच.

नान्नज मात्र बार्शी रस्त्याला, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर. 1979 सालचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. माळढोक दिसेल ही आशा घरीच ठेवून जा. तो आता दुर्मिळ झालाय. पण काळविटांचा कळप! नर काळाकुळीत, पिळाची शिंगं, माद्या बदामी. काहीतरी बिनसलं की एक मादी चारही पाय उचलून सरळ वर उसळते आणि पाठोपाठ सगळा कळप. थोरला दुर्बीण सोडेना. गवतात धाविक पक्षी चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. नशीब असेल तर खोकड किंवा लांडगाही दिसतो.

सावली नाही, खायला काही मिळत नाही. पाणी, टोप्या, कडक भाकरी नि शेंगाचटणी सोबत हवी. उन्हाळ्यात तर नकोच. पावसाळा सरल्यावर, उजाडताना जा.

माझं मत नान्नजला. धाकटी अजून रुसलेलीच आहे.