‘लकी स्टार’ची पिधान-भाकिते : नेपच्यूनपलीकडचे पिंड मोजू पाहणाऱ्यांसाठी एक परीक्षण

नेपच्यूनच्या पलीकडे फिरणारे बर्फाळ पिंड इतके दूर आणि अंधूक आहेत, की त्यांतील बहुतेक मोठ्या दुर्बिणींतूनही केवळ ठिपक्यासारखे दिसतात. असा पिंड एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना तो तारा किती सेकंद झाकला गेला, हे पृथ्वीवरील निरनिराळ्या ठिकाणांहून मोजले, तर प्रत्येक ठिकाणाची नोंद पिंडाच्या बाह्याकृतीची एकेक जीवा देते आणि त्या जीवांवरून आकार ठरतो. तारा असा झाकला जाणे म्हणजे पिधान. अशी पिधाने कधी व कुठून दिसतील, याची भाकिते ‘लकी स्टार’ हा प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देतो. पॅरिस वेधशाळेचे ब्रुनो सिकार्डी यांच्या नेतृत्वाखाली, युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या अनुदानावर तो उभा राहिला असून पॅरिस, ग्रानादा आणि रिओ द जानेरो येथील गट त्यात एकत्र काम करतात. महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकाला ही सेवा कितपत उपयोगी आहे, एवढ्याच दृष्टीने मी तिच्याकडे पाहिले आहे.

प्रत्येक घटनेच्या पानावर पृथ्वीच्या गोलाचा नकाशा असतो आणि त्यावर ताऱ्याच्या प्रकाशात पडणाऱ्या पिंडाच्या छायेचा पट्टा आखलेला असतो. पट्ट्यावरील ठिपके दर मिनिटाची स्थिती दाखवतात, बाण छायेच्या प्रवासाची दिशा सांगतो आणि रात्र, संधिप्रकाश व दिवस यांचे प्रदेश वेगवेगळ्या छटांत दिसतात. सोबत ताऱ्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), छायेचा वेग, पिधानाचा जास्तीत जास्त अवधी आणि त्या वेळी प्रकाश किती प्रतींनी घटेल, ही माहिती मिळते. निरीक्षणाला बसायचे की नाही, हे ठरवायला हे आकडे पुरेसे आहेत.

या सेवेचा खरा गुण मात्र पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या तुटक रेषांत आहे. भाकीत किती चुकू शकते, हे त्या रेषा उघडपणे सांगतात. त्यांच्यातील अंतर पिंडाच्या व्यासापेक्षा फारसे अधिक नसेल, तर त्या घटनेसाठी शेजारच्या जिल्ह्यापर्यंत दुर्बीण घेऊन जाण्यात अर्थ आहे. तेच अंतर व्यासाच्या अनेक पट असेल, तर घरच्या गच्चीवरून प्रयत्न करावा आणि फार आशा ठेवू नये. या रेषा एका प्रमाण विचलनाच्या असल्यामुळे प्रत्यक्ष छाया त्यांच्याही बाहेर पडण्याची शक्यता जवळजवळ एकतृतीयांश उरते, हे नवख्या निरीक्षकाने विसरू नये.

असे भाकीत करणे किती कठीण आहे, हे एरिस या बटुग्रहाच्या उदाहरणावरून कळते. ६ नोव्हेंबर २०१० च्या पिधानासाठी जगभरातील २६ ठिकाणांहून प्रयत्न झाले. यश केवळ दोन ठिकाणी आले आणि ती दोन्ही चिलीमध्ये होती. त्यांतील ला सिला येथील दुर्बीण फक्त ६० सेंटिमीटरची होती, तरीही ९६ खगोलीय एकके (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ९६ पट) दूर असलेल्या त्या बटुग्रहाची त्रिज्या ११६३ किलोमीटर, अधिक-उणे ६ किलोमीटर, अशी मिळाली. त्या अंतरावर आकाशातील स्थानात २० मिलीआर्कसेकंदांची (कोनाच्या अतिसूक्ष्म मापाची) चूकसुद्धा छायेला सुमारे १४०० किलोमीटर, म्हणजे एरिसच्या त्रिज्येहून अधिक, बाजूला सरकवते. गाया उपग्रहाच्या तारकासूचीमुळे ताऱ्यांच्या स्थानांतील चूक आता नगण्य झाली असून उरलेली अनिश्चितता मुख्यतः पिंडाच्या कक्षेची असते. म्हणूनच नवी निरीक्षणे हाती आल्यावर भाकिते बदलतात आणि शेवटच्या आठवड्यात पान पुन्हा उघडून पाहणे आवश्यक ठरते.

उणिवाही आहेत. सगळी मांडणी व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाला समोर ठेवून केलेली आहे. नकाशा गोलाच्या प्रमाणावर असल्यामुळे पट्टा नाशिकवरून जातो की सोलापूरवरून, हे त्यावरून नीट उमगत नाही. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तीत साडेपाच तास मिळवताना तारीख बदलते आणि मध्यरात्रीनंतरच्या घटनांत घोटाळ्याला वाव राहतो. आपल्या गावापासून छायेची मध्यरेषा किती दूर आहे, हे हवे असल्यास ‘ऑकल्ट वॉचर’ हा ह्रिस्तो पावलोव्ह यांचा विनामूल्य प्रोग्रॅम सोबत वापरणे सोयीचे. इतर निरीक्षक कुठे बसणार आहेत, हेही त्यात दिसते.

साधनांबाबत वास्तव थोडे कठोर आहे. साधारण २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने कॅमेऱ्याच्या सेकंदाहून कमी वेळाच्या चौकटींत बाराव्या-तेराव्या प्रतीपर्यंतचा तारा भरवशाने टिपता येतो, आणि या यादीतील बहुतेक तारे त्याहून मंद असतात. छायेचा वेग अनेकदा सेकंदाला २० ते २५ किलोमीटर असल्याने घड्याळातील एक दशांश सेकंदाची चूक जीवेचे टोक दोन-अडीच किलोमीटरने हलवते. त्यामुळे जीपीएसची वेळ प्रत्येक चौकटीवर उमटवणे हा ऐच्छिक भाग नव्हे.

त्यात आपल्याकडे पावसाळा आडवा येतो. सध्या प्लूटोची प्रतियुती (पिंड सूर्याच्या विरुद्ध दिशेला येऊन रात्रभर दिसण्याचा काळ) जुलैमध्ये आणि क्वावारची जूनमध्ये येते, म्हणजे हे दोन्ही पिंड ऐन निरीक्षणाच्या काळात ढगांआड असतात. ६ जून २०२० रोजी प्लूटोने केलेले पिधान उत्तराखंडातील देवस्थळ येथून ३.६ मीटर आणि १.३ मीटर व्यासाच्या दुर्बिणींनी टिपले गेले आणि त्यावरून प्लूटोच्या विरळ वातावरणाचा दाब काढता आला. कोकणात त्या तारखेला असा भरवसा कोणी दिला नसता. याउलट माकेमाके आणि हाउमिया यांच्या प्रतियुती मार्च-एप्रिलमध्ये, तर एरिसची ऑक्टोबरमध्ये येते. हाउमियाभोवतीचे कडे २१ जानेवारी २०१७ च्या पिधानात युरोपातील १० वेधशाळांच्या १२ दुर्बिणींमुळे सापडले होते, तेव्हा त्याच्या घटना यादीत आल्यास त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

मोठी दुर्बीण असलेल्या मंडळांनी आणि महाविद्यालयांनी ही सेवा नियमित पाहावी, असे मी निःशंकपणे सुचवेन. एकट्या निरीक्षकाने आधी मंगळ व गुरू यांच्यामधील मुख्य पट्ट्यातील लघुग्रहांच्या, तुलनेने तेजस्वी ताऱ्यांच्या पिधानांवर हात बसवून घ्यावा. तारा झाकला गेला नाही, तरी नोंद जरूर कळवावी, कारण छायेच्या पट्ट्याच्या कडेला न झालेले पिधान आकाराची कमाल मर्यादा आखून देते.