चंबळचे डाकूपट: आधी कोणता लावावा?

पुण्या-मुंबईचे पाहुणे ग्वाल्हेरला आले की किल्ला, जयविलास, तानसेनची समाधी उरकतात आणि मग हळूच विचारतात, "चंबळ इथून किती लांब हो?" मुरैना ओलांडून धौलपूरच्या रस्त्याला लागलं की नदीचा पूल येतो, असं सांगितलं की पुढचा प्रश्न सिनेमाचा असतो. त्यावर आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत कधीच एकमत होत नाही. माझं मत पक्कं आहे, तेच इथे मांडतो.

प्रभावाचा हिशोब केला तर 'शोले' (१९७५) बिनविरोध पहिला. सलीम-जावेदचे संवाद लोकांना तोंडपाठ, त्यांच्या तबकड्या वेगळ्या विकल्या गेल्या, आणि आपले विजू खोटे दोन-तीन मिनिटांच्या कामावर आयुष्यभर 'कालिया' म्हणून ओळखले गेले. पण त्यात चंबळ शोधू नका. चित्रीकरण बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत झालं. गब्बर नावाचा डाकू १९५० च्या दशकात भिंडकडे खरंच होता, लोकांची नाकं कापण्याबद्दल कुप्रसिद्ध. सिनेमानं त्याचं नाव तेवढं उचललं. इकडचे बागी, म्हणजे डाकू, मातीच्या घळींतून पायी हिंडायचे, घोडे मुंबईनं दिले. सव्वातीन तास मात्र कसे जातात कळत नाही, हे कबूल.

शोले बघून झाला असेल (कुणाचा झालेला नसतो?) तर राज खोसलांचा 'मेरा गाँव मेरा देश' (१९७१) गंमत म्हणून बघा. तुरुंगातून सुटलेला भुरटा चोर धर्मेंद्र, त्याला गावात आणणारा एक हात गमावलेला निवृत्त हवालदार, आणि जब्बर सिंह नावाचा डाकू. ओळखीचं वाटतंय ना? त्या हवालदाराचं काम जयंत यांनी केलंय, म्हणजे गब्बर झालेल्या अमजद खानचे वडील. विनोद खन्नाचा जब्बर दमदार आहे, बाकी सिनेमा एकदा बघण्यापुरता.

आता खरी निवड. 'मुझे जीने दो' (१९६३) की 'पान सिंह तोमर' (२०१२)?

पहिला सुनील दत्तनं स्वतः काढला आणि भिंड-मुरैनाच्या बीहडात, म्हणजे त्या मातीच्या घळींत, पोलीस बंदोबस्तात चित्रित केला. तेव्हा तिथे टोळ्या खरोखर फिरत होत्या. पडद्यावरची ती कोरडी, भेगाळलेली माती बघितली की सेटवरचं डोंगर-जंगल खोटं वाटायला लागतं. ठाकूर जरनैल सिंहनं पळवून आणलेली नाचणारी चमेलीजान (वहिदा रहमान) त्याची बायको होते, आणि मूल झाल्यावर सगळा सिनेमा त्या मुलाभोवती फिरतो. साहिरची 'तेरे बचपन को जवानी की दुआ देती हूँ' ही अंगाई इथेच येते. लेकराला आशीर्वाद देतादेताच आईला त्याच्या पुढच्या आयुष्याची धास्ती वाटते. जयदेवची चाल आणि लताबाईंचा आवाज. मध्ये सिनेमा रेंगाळतो, उपदेशही करतो, पण या अंगाईसाठी मी त्याला सगळं माफ करतो.

'पान सिंह तोमर' उपदेश करत नाही, हा त्याचा मोठा गुण. मुरैना जिल्ह्यातला खरा फौजी, स्टीपलचेसचा (अडथळ्यांच्या लांब शर्यतीचा) सात वर्षं राष्ट्रीय विजेता, जमिनीच्या भांडणातून बंदूक उचलतो आणि १९८१ मध्ये चकमकीत मारला जातो. तिग्मांशू धुलियानं गोष्ट सुरू केलीये एका घाबरट वार्ताहरापासून, जो बीहडात मुलाखत घ्यायला गेलाय आणि प्रश्न विचारतानाही चाचरतोय. इरफानचं तोंड उघडलं की आमच्याकडची बोली ऐकू येते, आणि इकडच्या माणसाला ती कानाला खटकत नाही, हे साधं नाही. वरिष्ठाच्या घरी आईस्क्रीम वितळायच्या आत पोचवायला तो धावत सुटतो तिथे हसू येतं. तेच पाय पुढे पोलिसांपासून पळायला लागतात तेव्हा हसू येत नाही. २०१२ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि इरफानला अभिनेत्याचा, दोन्ही रास्त.

म्हणून एकच रात्र असेल तर पान सिंह. दोन असतील, किंवा घरात जुनी गाणी ऐकणारी आजी असेल, तर आधी मुझे जीने दो.

'बँडिट क्वीन' (१९९४) मुद्दाम वेगळा ठेवलाय. सीमा बिस्वासनं जे केलंय ते या प्रकारातल्या कुणालाच जमलेलं नाही. पण ज्या डाकू फूलनदेवीवर तो आहे तिनंच त्याला आक्षेप घेतला होता, आणि अत्याचाराचे प्रसंग बघवत नाहीत. तो एकट्यानं बघा, पोरं झोपल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचं नसेल अशाच रात्री.