तापलेल्या बिलेटवर ईमॅट : नऊ महिने वापरल्यानंतर

धरमतरच्या खाडीकाठी आमचा पोलादाचा कारखाना. कास्टर आहे (वितळलेल्या पोलादाचे बिलेट, म्हणजे लांब चौकोनी दांडे, ओततो), पुढे ते लाटणारी मिल आहे, मी क्वालिटीत. दिवाळीनंतर ईमॅट बसवलं (बिलेटला न टेकता त्यात ध्वनिलहर उठवून आतले दोष शोधणारं यंत्र), आता श्रावण लागलाय. आधी आमची रीत सरळ होती. बिलेट थंड होऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी जेल फासून हातातला यूटी (अल्ट्रासोनिक तपासणीचा) प्रोब फिरवायचा. तोवर त्या हीटमागून (हीट म्हणजे एका वेळी वितळवलेलं पोलाद) कितीतरी हीट ओतल्या गेलेल्या. दोष सापडायचा, पण तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

आता कटरखालून लालबुंद बिलेट पुढे सरकतं तेव्हाच पडदा बोलायला लागतो. मधोमध पोकळी दिसू लागली की कास्टरवाल्यांना फोन, आणि तीच हीट चालू असताना वेग कमी करता येतो. माझ्या मते पैसे वसूल झाले ते इथे.

कॉइलमधला झपाट्याने उलटसुलट होणारा प्रवाह पोलादाच्या पृष्ठभागात भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह) उठवतो, आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना ढकलतं. ध्वनिलहर जन्मते ती पोलादातच, म्हणून मध्ये पाणी लागत नाही, जेल लागत नाही. मात्र ७७० अंशांच्या आसपास लोखंडाचं लोहचुंबकत्व संपतं, मग हा नुसता ढकलण्याचाच आधार उरतो. संकेत मुळात बारीक. हेड (कॉइल आणि चुंबक बसवलेलं टोक) पृष्ठभागापासून जेमतेम मिलीमीटरभर ठेवावं लागतं, जरा लांब गेलं की संकेत झपाट्याने विरतो. बिलेट किंचित वाकडं आलं तर हेडच घासतं. दोन कॉइल अशाच गेल्या.

कायमचुंबकाचं हेड घेऊ नका, हे आम्ही चूक करून शिकलो. नऊशे अंशांचं बिलेट त्याला चिकटत नाही, पण गळून गार झालेली स्केल (तापलेल्या पोलादावर धरणारी ऑक्साइडची खपली) चिकटते. अर्ध्या शिफ्टमध्ये हेडला दाढी उगवायची. शिवाय चुंबक तापला की त्याचा जोर कायमचा उतरतो, म्हणून पाण्याने गार ठेवण्याचा वेगळा व्याप. नंतर स्पंदनावर, म्हणजे क्षणाक्षणापुरताच, चालणारा विद्युतचुंबक बसवला. पाणी त्यालाही लागतं, पण दाढी गेली.

खरा छळ आषाढात. यंत्र उष्णतेला डरलं नाही, दमटपणापुढे हरलं. खारी हवा कनेक्टरच्या पितळेला हिरवं करते, केबल बदलल्या तरी महिन्याभरात तेच. आणि एक गंमत : लहरीचा वेग तापमानाने घटतो (थंड पोलादात आडव्या लहरीचा सेकंदाला सुमारे ३,२०० मीटर), म्हणून यंत्र पायरोमीटरकडून (दुरून तापमान मोजणारं उपकरण) तापमान घेऊन लहर किती खोल गेली ते काढतं. पायरोमीटरच्या काचेवर वाफ बसली, आकडा कमी आला, यंत्राने वेग जास्त धरला. १३० मिलीमीटरचं बिलेट पडद्यावर १३४ मिलीमीटरचं! विक्रेत्याचा माणूस तीनदा येऊन सॉफ्टवेअर तपासून गेला. शेवटी आमच्या फोरमनकाकांनी काच फडक्याने पुसली. तेव्हापासून बिलेटच्या पलीकडच्या बाजूवरून परतणारा प्रतिध्वनी दर तासाला बिलेटच्या मापाशी जुळवून बघतो, आणि काचेवर कोरड्या हवेचा झोत ठेवलाय. कोकणात घेणाऱ्याने ड्रायर आधी मागवावा.

थंड तपासणी बंद केलेली नाही, करणारही नाही. तापलेल्या पोलादाचे दाणे जाड, लहर त्यात विखुरते, बारीक दोष निसटतो. बारीक समावेशांसाठी (पोलादात अडकलेले परके कण) अजून जुना प्रोब, आणि शंका आली की बिलेट कापून आम्लात बुडवणं. मोठी पोकळी आणि आतली तडा मात्र ईमॅट सहसा सोडत नाही.

आता लेझरने लहर उठवणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव आलाय. ते दुरूनच चालतं, मिलीमीटरचं झंझट नाही. पण त्या वर्गाच्या लेझरला बंद खोली हवी, चष्मे हवेत, आणि शेडमध्ये वाफ नि स्केलची धूळ तर आहेच. फोरमनकाका प्रस्ताव वाचून म्हणाले, "अरे, आधी त्या डोक्यावरच्या पत्र्याची गळती काढ बाबा!" गळती बरोबर पॅनेलवर पडते. पत्रेवाला गणपती झाल्यावर येतो म्हणालाय.